विद्येचं देणं कोणाला फेडायचं?

1977 साली न्यूयॉर्क कॉसमॉस या फुटबॉल संघात पेले होते, फ्रान्झ बेकेनबाउअर होते, इटलीचे जॉर्जियो कीनालिया होते आणि जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोतून आलेले 22 वर्षांचे जोमो सोनोही होते. पेलेंचा तो शेवटचा हंगाम. 28 ऑगस्टला पोर्टलंडमध्ये सिएटल साउंडर्सना 2-1 असं हरवून कॉसमॉसने नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग जिंकली. 1 ऑक्टोबरला न्यू जर्सीच्या जायंट्स स्टेडियमवर पेले पूर्वार्धात कॉसमॉसकडून आणि उत्तरार्धात आपल्या जुन्या सांतोसकडून खेळले आणि त्यांनी खेळाचा निरोप घेतला. सोनो पुढच्या वर्षी कोलोराडो कॅरिबूज संघात गेले. त्या संघाच्या जर्सीवर छातीवर आडवी चामड्याची झालर शिवलेली असे. लोकांना मैदानाकडे ओढण्यासाठी तिथला सॉकरचा धंदा तेव्हा काय काय करून पाहत होता, ते त्या झालरीवरून कळतं. वर्षभरात तो संघच उचलून अटलांटाला नेला गेला. सोनोही अटलांटाला गेले, आणि तिथून टोरोंटोला. मग मायदेशी परतून त्यांनी हायलँड्स पार्क हा क्लब विकत घेतला. 1983 पासून तो 'जोमो कॉसमॉस' झाला आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं त्याचे मालकही तेच राहिले, आणि बहुतेक काळ प्रशिक्षकही तेच.

खेळाच्या पानावर ही गोष्ट दोन ओळींत आटोपते. पाय चालत होते तोवर खेळले, पाय थकले तेव्हा शिकवू लागले. स्ट्रायकरने प्रशिक्षक होणं हा निवृत्तीनंतरचा उद्योग, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. माझं म्हणणं असं आहे की परक्या मुलखात, परक्या माणसांकडून मिळालेली विद्या हे ऋण असतं. ज्याने दिलं त्याला ते परत करता येत नाही. ते पुढच्यालाच द्यावं लागतं, आणि दिल्यावर त्या पुढच्यावरचा आपला हक्कही सोडावा लागतो. या शेवटच्या अटीपाशी बहुतेक जण अडखळतात, सोनोही अडखळले. तरीही त्यांची आणि त्यांच्यासारख्या आणखी दोघा-तिघांची कारकीर्द मला या धर्मप्रश्नाचा फार मोलाचा दाखला वाटते, कारण इथे देणारा, घेणारा आणि ज्याच्यापर्यंत ते पुढे पोहोचलं तो, असे तिघेही एकमेकांना जवळजवळ अनोळखी आहेत.

सोनो अमेरिकेला निघाले तेव्हा स्वदेशाने त्यांच्या पदरात काय टाकलं होतं? वडील एरिक 'स्कारा' सोनो हे ऑर्लँडो पायरेट्सचे नामांकित खेळाडू. 1964 मध्ये ते मोटार अपघातात गेले तेव्हा जोमो आठ वर्षांचे होते. आजी-आजोबांनी वाढवलं. घरात ओढाताण इतकी, की हा मुलगा फुटबॉलच्या सामन्यांना आणि रेल्वे स्टेशनांवर सफरचंदं आणि शेंगदाणे विकत फिरायचा. पुढे वडिलांच्याच क्लबात त्यांनी नाव काढलं, पण देशाची जर्सी मात्र नशिबात नव्हती. वर्णभेदापायी फिफाने दक्षिण आफ्रिकेला 1961 मध्ये निलंबित केलं होतं आणि 1976 मध्ये, म्हणजे सोवेटोच्या शाळकरी मुलांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या त्याच वर्षी, संघटनेतून काढूनच टाकलं. जुलै 1992 मध्ये तो देश पुन्हा आंतरराष्ट्रीय मैदानात उतरला तेव्हा सोनोंची सदतिशी भरत आली होती. 1953 च्या कायद्याने तिथे बाकं, दरवाजे, संडास, समुद्रकिनारे रंगानुसार वाटून टाकले होते. अशा देशातला तरुण कॉसमॉसच्या ड्रेसिंग रूममध्ये ब्राझीलच्या, जर्मनीच्या, इटलीच्या माणसांच्या ओळीत बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. पायात चेंडू कसा ठेवायचा हे तो सोवेटोतल्या ऑर्लँडोच्या धुळीतच शिकून आला होता. ते त्याला कोणी न्यूयॉर्कमध्ये शिकवलं नाही. तिथे त्याला दिसलं ते हे, की जगातला सर्वोत्तम खेळाडूही सरावाला येतो, चुकतो, पुन्हा करतो, आणि त्या खोलीत कोणाची जागा कुठे हे कातडी ठरवत नाही. करारपत्रात या गोष्टीसाठी कलम नसतं आणि पगारपत्रकात रकाना नसतो.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार जुना आहे, पण तो नीट वाचायला हवा. तीन ऋणांची कल्पना सर्वांना ठाऊक असते: देवांचं, ऋषींचं, पितरांचं. तैत्तिरीय संहितेत ती येते, पण तिथे ती जन्माला येणाऱ्या ब्राह्मणापुरती सांगितली आहे. म्हणजे विद्येचं ऋण कोणावर, तर विद्येचा अधिकार ज्याला दिला त्याच्यावर. ज्याला वेशीबाहेर ठेवलं त्याच्यावर ऋणही नाही आणि ते फेडण्याचा मानही नाही. शतपथ ब्राह्मणात मात्र हीच गोष्ट अधिक रुंद होऊन येते. जो कोणी आहे, तो असण्यामुळेच ऋणी आहे, असं तिथे म्हटलं आहे आणि तिघांच्या जोडीला चौथं ऋण येतं ते माणसांचं. देवांचं ऋण यज्ञाने फिटतं, पितरांचं प्रजेने, ऋषींचं अध्ययनाने, आणि माणसांचं माणसांना आसरा आणि अन्न देऊन. ज्याने अध्ययन केलं त्याला तिथे ऋषींच्या ठेव्याचा राखणदार म्हटलं आहे. जो ठेवा फक्त माणसांच्या मुखात आणि अंगात राहतो, तो पेटीत कुलूप लावून राखता येत नाही. दुसऱ्याच्या अंगात उतरवणं हाच तो राखण्याचा मार्ग. फुटबॉलचं कौशल्य अशाच जातीचं. शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर शेजारणीलाच परत करायची असते, पण पेलेंकडून जे घेतलं ते पेलेंना परत कसं करणार? त्यांच्याकडे ते आधीच आहे, आणि घेतल्याने कमीही झालेलं नाही.

सोनोंच्या आधी हीच वाट कायझर मोटाउंग चालून गेले होते, तेही ऑर्लँडोचेच. अटलांटा चीफ्स संघाचे व्यवस्थापक फिल वूस्नम यांनी त्यांना झांबियात हेरलं आणि 1968 मध्ये ते अमेरिकेत आले. त्या वर्षी अटलांटाने लीग जिंकली आणि मोटाउंग लीगचे सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरले. त्यांच्याबरोबर झांबियाचे फ्रेडी म्विलाही होते. तेही पुढे प्रशिक्षक झाले. जानेवारी 1970 मध्ये मोटाउंगनी मायदेशी स्वतःचा क्लब काढला आणि नाव ठेवलं 'कायझर चीफ्स'. आज दक्षिण आफ्रिकेत त्याच्याइतके चाहते क्वचितच दुसऱ्या कुठल्या क्लबला असतील. अटलांटा चीफ्स मात्र 1973 मध्ये बंद पडला; सोनो ज्यात खेळले तो त्याचा दुसरा अवतारही 1981 मध्ये संपला. नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगचा शेवटचा हंगाम 1984 चा, आणि मूळ न्यूयॉर्क कॉसमॉसने 1985 मध्ये गाशा गुंडाळला. सावकार दिवाळखोर झाला तर कर्ज बुडतं, हा व्यवहाराचा नियम. इथे उलटं झालं. देणारे नाहीसे झाले आणि देणं वाढत गेलं. अमेरिकेत ज्या नावांचे मूळ संघ उरले नाहीत, त्या नावांचा गजर सोवेटोत होत राहिला. संगीतातल्या लोकांना याचं नवल वाटू नये. जयपूर आणि अत्रौली ही गावं राजस्थानात आणि उत्तर प्रदेशात, पण त्यांच्या नावाचं घराणं अल्लादिया खाँसाहेबांमुळे बहरलं ते कोल्हापुरात आणि मुंबईत.

अमेरिकेलाही हा विचार परका नाही. 1784 मध्ये पॅरिसजवळ राहत असताना बेंजामिन फ्रँकलिन यांनी अडचणीत सापडलेल्या एका माणसाला पैसे पाठवले आणि सोबत कळवलं, की हे मला परत करू नका. तुमचं बस्तान बसलं आणि असाच एखादा अडलेला, प्रामाणिक माणूस भेटला, की त्याला द्या आणि त्यालाही हीच अट घाला. फ्रँकलिन हिशेबी माणूस. थोड्या पैशांत पुष्कळांचं भलं करण्याची ही युक्ती आहे, असं त्यांनी मोकळेपणाने लिहिलं होतं. इमर्सन यांनी 1841 च्या आपल्या एका निबंधात याच्याही पुढे जाऊन म्हटलं, की ज्यांच्याकडून घेतलं त्यांना परत करणं सृष्टीच्या रीतीत क्वचितच बसतं, पण घेतलेलं कोणाला तरी दिलंच पाहिजे. हातात साठून राहिलेलं भलंही कुजतं. शतपथकार आणि इमर्सन यांच्यात अडीच हजार वर्षांहून अधिक अंतर असेल, तरी दोघांनाही दिसलेली गोष्ट एकच.

परदेशी शिक्षणाचं ऋण म्हटलं की मराठी वाचकाला बाबासाहेब आंबेडकर आठवल्याशिवाय राहत नाहीत, आणि इथे तो दाखला नुसता शोभेचा नाही. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीला करार होता: परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. 1917 मध्ये करार पाळायला ते बडोद्याला हजरही झाले. पण त्या शहरात त्यांना राहायला कोणी जागा देईना. पारशी खाणावळीत नाव लपवून राहावं लागलं आणि तिथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. शतपथाने ज्याला माणसांचं ऋण म्हटलं, आसरा आणि अन्न देण्याचं, ते बडोदा शहराने बुडवलं, आणि कागदावरचा करार जागच्या जागी पोकळ झाला. मग आंबेडकर ऋणमुक्त झाले का? त्यांनी तसं मानलं नाही. 1945 मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभं केलं, नंतर औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय. कोलंबियातले त्यांचे गुरू जॉन ड्युई यांच्यामुळे आपलं बौद्धिक आयुष्य घडलं, असं त्यांनी पत्रात लिहून ठेवलं आहे. जून 1952 मध्ये कोलंबियाची सन्माननीय पदवी घ्यायला ते न्यूयॉर्कला निघाले तेव्हा ड्युईंना भेटायची आस होती. ड्युई 1 जूनला वारले, पदवीदान 5 जूनला झालं. गुरूला परत काही द्यायची संधी अशी चार दिवसांनी हुकली, पण द्यायचं ते आधीच दुसऱ्यांच्या मुलांना देऊन झालं होतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. ऋण कसलं? सोनो आणि मोटाउंग पगारी खेळाडू होते. कॉसमॉसमागे वॉर्नर कम्युनिकेशन्ससारखी धनाढ्य कंपनी होती. खेळाडूंनी खेळ विकला, कंपनीने तिकिटं विकली, हिशेब मिटला. नंतर काढलेले क्लब हाही धंदाच, आणि नाव घेतलं ते खपणारं म्हणून. यातलं बरंच खरं आहे. पण पगार दिला गेला तो केलेल्या गोलांसाठी, शिकलेल्या गोष्टींसाठी नव्हे. कंपनीने शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत आणि खेळाडूने शिकण्याचे दिले नाहीत. व्यवहाराच्या कडेकडेने ती देवघेव फुकटात झाली. शिवाय धंदा आणि ऋणफेड एकाच कृतीत राहू शकत नाहीत, हे कोणी ठरवलं? आपल्याकडचे तालीम चालवणारे वस्ताद काय सगळेच विनामोबदला शिकवत होते? फी घेणारा शिक्षकही ऋण फेडू शकतो. फरक कळतो तो वेगळ्या ठिकाणी: ज्याच्याकडून काही मिळण्याची आशा नाही अशाला तो शिकवतो का, यात. सोनोंचा क्लब पायरेट्स किंवा चीफ्ससारखा गर्दी खेचणारा कधीच नव्हता. त्याची ओळख झाली ती कोवळी, नाव नसलेली पोरं हेरणारा क्लब म्हणून. फिलेमॉन मसिंगा, मार्क फिश, हेल्मन मखालेले हे तिघे जोमो कॉसमॉसमधून गेले आणि 1996 मध्ये आफ्रिकी चषक जिंकणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या संघात होते. आरोन मोकोएना त्याच क्लबातून युरोपला गेले आणि 2010 च्या विश्वचषकात देशाचे कर्णधार झाले.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: उपकारकर्ती म्हणून अमेरिका तुम्ही कशी उभी करता? मोटाउंग ज्या वर्षी अटलांटाला आले त्याच वर्षी, 4 एप्रिल 1968 ला, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि त्यांची अंत्ययात्रा त्याच अटलांटाच्या रस्त्यांवरून निघाली. आफ्रिकेतून माणसं धरून आणून ज्या देशाने आपली शेती उभी केली, त्या देशाचं ऋण आफ्रिकेच्या मुलाने मानायचं? आणि त्या 'चीफ्स'च्या चिन्हात कोण आहे? पिसं ल्यालेला अमेरिकेचा मूळ रहिवासी. ज्या जॉर्जिया राज्यातून 1838 मध्ये चेरोकी लोकांना त्यांच्या घरांतून हुसकून हजारेक मैल चालवत नेलं, हजारोंना वाटेतच मरू दिलं, त्याच राज्याच्या राजधानीतला संघ मूळ रहिवाशांच्या मुखियाचं चित्र छातीवर मिरवत होता. मग ते चित्र सोवेटोत गेलं आणि वर्णभेद सोसणाऱ्या माणसांनी ते अभिमानाने आपलं केलं. यातली वेदना मी पुसून टाकू इच्छित नाही. माझं उत्तर एवढंच, की ऋण देशाचं नसतं. देश शिकवत नाही, शिकवतात माणसं. सोनोंवर ऋण होतं ते एका खोलीतल्या माणसांचं आणि त्या माणसांमधून आलेल्या खेळाचं. त्या खोलीची इमारत कोणत्या पापाच्या पायावर उभी होती, हा प्रश्न खराच आहे, पण त्याचा जाब त्या इमारतीच्या मालकांनी द्यायचा आहे. एकलव्याची कथा मला इथे कायम आठवते. द्रोणांनी त्याला शिकवलं नव्हतं, तरी दक्षिणा मागितली आणि अंगठाच मागितला. ती गुरुदक्षिणा नव्हतीच. ज्याने कर्ज दिलं नाही त्याने केलेली ती वसुली होती. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी सरकारने सोनोंवर हक्क सांगितला असता तर तोही तसाच ठरला असता. कोणाचं ऋण मानायचं आणि कोणाचं नाही, हे विवेकाने ठरवणं हा ऋणविचाराचाच भाग आहे. तो विवेक नसेल तर ऋण हे गुलामीचं दुसरं नाव होतं, आणि आपल्या समाजात ते पुष्कळदा तसं झालंही आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. पेले कधी कुठल्या संघाचे प्रशिक्षक होऊन बसले नाहीत. मग ते ऋणको म्हणूनच गेले का? ज्याने सगळ्या जगाला आपला खेळ दाखवला त्याने आणखी काय द्यायचं? हाच प्रश्न गायिका केसरबाई केरकरांबद्दल विचारता येतो, आणि योगायोग असा की त्याचंही साल 1977 च आहे आणि ठिकाणही अमेरिकाच. त्या वर्षी 5 सप्टेंबरला व्हॉयेजर-1 यान फ्लोरिडाहून सुटलं; त्यावरच्या सोनेरी तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे. 16 सप्टेंबरला केसरबाई मुंबईत वारल्या. ज्यांचा आवाज सूर्यमालेच्या पार गेला, त्या बाईंनी उभ्या आयुष्यात जवळजवळ कोणालाच शिकवलं नाही. शिष्या म्हणून धोंडूताई कुलकर्णींचं एक नाव घेतलं जातं. केसरबाईंच्याच गुरूंकडे शिकलेल्या मोगूबाई कुर्डीकरांनी मात्र शिकवलं. दोघींच्या गाण्यात डावं-उजवं करायचा माझा अधिकार नाही, पण ऋणाच्या बाबतीत फरक आहे असं मला ठामपणे वाटतं. दाखवणं हे दान आहे, आणि थोर दान आहे. शिकवणं ही गोष्ट निराळी. तबकडी ऐकून नक्कल करता येते, पण 'इथे चुकलंस, पुन्हा म्हण' हे तबकडी सांगत नाही. पेलेंची चित्रफीत पाहून मुलगा तशी उडी मारायला जाईल, पण त्याचा टेकू दिलेला पाय चेंडूपासून वीतभर मागे पडतो आहे हे ओळखून त्याला थांबवायला मैदानावर कोणीतरी उभं असावं लागतं, आणि ते उद्या, परवा, पुढच्या आठवड्यातही उभं असावं लागतं. ऋण फिटतं ते या उभं राहण्यात. केसरबाईंनी ते नाकारलं तेव्हा त्यांची काही कारणं असतील, त्या काळात कलावंत स्त्रीने सोसलेल्या अपमानांची धार त्या नकाराला असेल. मी दोष देत नाही. पण ठेवा अंतराळात गेला आणि गळ्यांत फारसा उतरला नाही, ही हानी हानीच.

दक्षिण आफ्रिकेच्याच पॅट्रिक 'एस' न्त्सोलेंगोए यांचं उदाहरण म्हणूनच मला सोनोंपेक्षाही जवळचं वाटतं. मायामी, डेन्व्हर, मिनेसोटा आणि टोरोंटो अशा चार शहरांच्या संघांतून 1973 ते 1984 ते खेळले. अमेरिकेत उन्हाळी हंगाम खेळायचा, परतून कायझर चीफ्ससाठी खेळायचं, असं वर्षानुवर्षं. देशासाठी त्यांना खेळता आलंच नाही. 2003 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सॉकर हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव गेलं, तेव्हा ते मायदेशी कायझर चीफ्सच्या लहान मुलांना शिकवत होते. मे 2006 मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हाही त्यांचं काम तेच होतं. क्लब त्यांच्या मालकीचा नव्हता आणि त्याच्या नावातही ते नव्हते.

अमेरिकेतल्या मराठी घरांना हा सगळा विचार दूरचा वाटू नये. भारताने स्वस्तात शिकवलं, अमेरिकेने कमवायला दिलं, आणि मग वर्षानुवर्षं मनात एक टोचणी राहते, की आपण कोणाचं तरी देणं लागतो आणि ते देत नाही. ती टोचणी शमवायला गावच्या शाळेला देणगी पाठवली जाते. देणगी जरूर पाठवावी. पण पैशाने पैशाचं ऋण फिटतं. सरकारी महाविद्यालयात कोणी प्राध्यापकाने संध्याकाळी थांबून गणित समजावलं असेल, तर त्याची परतफेड न्यू जर्सीतल्या किंवा टेक्ससमधल्या कोणत्याही मुलाला तसंच थांबून समजावण्यात आहे, मग ते मूल मराठी असो, मेक्सिकन असो की आणखी कोणी. सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा चालवणारे पालक आणि शनिवारी सकाळी वस्तीतल्या पोरांच्या सॉकर संघाला स्वयंसेवक म्हणून शिकवणारे पालक, दोघेही माझ्या मते हेच करत असतात. कॅलिफोर्नियात 1964 मध्ये सुरू झालेली अमेरिकन युथ सॉकर ऑर्गनायझेशन तर उभीच आहे अशा बिनपगारी आई-बापांच्या जोरावर. मोठी लीग बुडाली तरी तो खेळ त्या देशात टिकला, याचं बरंच श्रेय त्यांचं आहे. माझ्या मुलाला शिकवलं म्हणजे ऋण फिटलं, असं म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारेन, की तुम्हाला शिकवणाऱ्याचे तुम्ही मुलगे होता का?

आता त्या अवघड अटीकडे वळतो: दिल्यावर हक्क सोडण्याकडे. सोनोंवर टीका होते ती हीच. मालकही स्वतः, प्रशिक्षकही स्वतः, क्लबच्या नावात पहिला शब्दही स्वतःचा. 1987 मध्ये देशाची लीग जिंकणारा हा क्लब पुढे घसरत गेला, वरच्या श्रेणीतून खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली, आणि 2022 मध्ये तिसऱ्या श्रेणीत जाऊन पडला. खुर्ची वेळेवर सोडली असती तर? याला त्यांच्या बाजूनेही उत्तर आहे. दक्षिण आफ्रिकेत क्लबची लीगमधली जागा विकता येते; विकत घेणारा नाव बदलतो, कधी शहरही बदलतो, आणि जुना क्लब एका रात्रीत पुसला जातो. सोनोंनी स्वतः हायलँड्स पार्क तसाच घेतला होता. तेव्हा धरून ठेवणं हाही राखणदाराचाच एक धर्म आहे, असं कोणी म्हणेल. मला हे अर्धं पटतं. नाव राखलं, हे खरं. पण ठेव्याचा राखणदार ठेव्याचा मालक झाला की शिकणारा कायम शिकाऊच राहतो. आपल्या हाताखालच्याने आपल्याहून वेगळ्या रीतीने संघ उभा करावा, त्यात तो हरावा आणि त्याचं त्याने सुधारावं, एवढी मोकळीक दिली नाही, तर विद्या पुढे गेली असं म्हणता येत नाही. ती फक्त आज्ञेत राहिली. आपल्याकडे किती संस्था, किती घराणी, किती मठ याच दुखण्याने खंगले, ते वाचकाला माझ्याइतकंच माहीत आहे.

म्हणूनच मला वाटतं, की सोनोंचं खरं ऋण फिटलं ते जिथे त्यांची मालकी चालत नव्हती तिथे. ज्या देशाने त्यांना तरुणपणी जर्सी दिली नाही त्याच देशाने, वर्णभेद संपल्यावर, दोनदा अडचणीत त्यांना हाक मारली. 1998 च्या आफ्रिकी चषकाला जेमतेम काही आठवडे उरले असताना संघाला प्रशिक्षक नव्हता. सोनो गेले आणि संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तिथे इजिप्तने 2-0 असं हरवलं, पण त्या स्पर्धेत वीस वर्षांचे बेनी मॅकार्थी सात गोल करून सर्वोत्तम खेळाडू ठरले. लगेच संघ फिलिप ट्रूसिए यांच्या हवाली झाला आणि सोनो बाजूला झाले. 2002 मध्ये कार्लोस केरोश यांनी विश्वचषकाच्या तोंडावर पद सोडलं, तेव्हा पुन्हा तेच. 8 जूनला स्लोव्हेनियाला 1-0 असं हरवून दक्षिण आफ्रिकेने विश्वचषकातला पहिलावहिला विजय मिळवला. पुढची फेरी केवळ पॅराग्वेपेक्षा गोल कमी पडल्यामुळे हुकली. स्पर्धा संपली, सोनो पुन्हा बाजूला. दोन्ही वेळा ते पाहुण्यासारखे आले, देता येईल ते दिलं आणि निघाले. मॅकार्थी पुढे ॲम्स्टरडॅम, विगो, पोर्तो, ब्लॅकबर्न, लंडन असे फिरत राहिले, 2004 मध्ये पोर्तोबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकले, मग केप टाउन आणि डर्बनमध्ये प्रशिक्षक झाले, मँचेस्टर युनायटेडच्या प्रशिक्षकवर्गात राहिले आणि मार्च 2025 मध्ये केनियाच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्याच ऑगस्टमध्ये, फक्त आपापल्या देशातच खेळणाऱ्यांसाठी असलेल्या आफ्रिकी स्पर्धेत त्यांच्या केनियाने काँगो, मोरोक्को आणि झांबिया या तिघांना प्रत्येकी एका गोलने हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरीत मादागास्करकडून पेनल्टींवर हार पत्करली. त्या संघातल्या बहुतेक मुलांना युरोपचा करार मिळालेला नव्हता, आणि मॅकार्थींनी सोनोंकडून नेमकं काय घेतलं याची चौकशी करण्याचं त्यांना काही कारणही नव्हतं.